पाणी, स्वच्छता आणि लोकसहभाग : उपचारापूर्वीचे काम

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सामाजिक आरोग्य विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



रुग्णालयाच्या वार्षिक सभेत शस्त्रक्रिया, नवी यंत्रसामग्री आणि वाढलेल्या खाटा यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. ती माहिती या अहवालात अन्यत्र दिलेली आहेच. आम्हांस आज नेमून दिलेला विषय मात्र रुग्णालयाच्या फाटकाबाहेरचा आहे. पंचक्रोशीतील गावांत पाणी व स्वच्छतेच्या कामासाठी स्वतंत्र निधी उभारावा, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे विचारार्थ आहे. त्याविषयी दोन शंका आमच्यापर्यंत पोहोचल्या आहेत. रुग्णालयाने हापसे आणि गटारे यांत का पडावे, ही पहिली. पडायचेच असेल तर पैसा पाइप, टाक्या व शौचालये बांधण्यावर खर्च करावा, गावोगाव बैठका घेणाऱ्या कार्यकर्त्यांच्या मानधनावर का, ही दुसरी. दोन्ही शंका रास्त आहेत, आणि दुसरी अधिक अवघड आहे.

पहिलीचे उत्तर आमच्या वॉर्डातच मिळते. मृगाच्या पहिल्या सरी पडल्या, ओढ्यांना गढूळ पाणी आले, की गॅस्ट्रोचे रुग्ण येऊ लागतात. त्यांत लहान मुले अधिक. सलाईन लागते, दोन-तीन दिवसांत मूल हसू-खेळू लागते, आई त्याला कडेवर घेऊन घरी जाते आणि ज्या विहिरीच्या पाण्याने ते आजारी पडले त्याच विहिरीचे पाणी पुन्हा हंड्यात भरते. आमचे औषध उत्तम असेल, पण ते त्या विहिरीपर्यंत पोहोचत नाही.

येथे इतिहासातील एका प्रसंगाचे स्मरण उचित ठरेल. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेवाटे द्यावयाचे सलाईन संपत आले. तेथील डॉक्टर दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या करून घेतल्या, ते मिश्रण मोठ्या पिंपांतील पाण्यात कालवले आणि रुग्णाला पाजण्याचे काम थेट नातेवाइकांवर सोपविले. ज्या साथीत शंभरांतील वीस-तीस रुग्ण दगावत होते, तेथे हे प्रमाण चारांच्याही खाली आले. आज आपण ज्यास जलसंजीवनी म्हणतो तिची ही मोठ्या प्रमाणावरील पहिली कसोटी होती. औषध तर महत्त्वाचे होतेच. परंतु ते आई, भाऊ, शेजारी यांच्या हाती देता येते हा विश्वास तितकाच महत्त्वाचा होता. पुढे १९८० ते १९९० या दशकात बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने सव्वा कोटीच्या आसपास घरांत जाऊन मातांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचे मिश्रण करण्यास शिकविले. शिकविणाऱ्या स्त्रियांचे मानधन किती घरे झाली यावर नव्हे, तर नंतरच्या तपासणीत मातांना किती आठवते यावर ठरत असे. आमच्या मते आरोग्यशिक्षणाच्या इतिहासात यापेक्षा शहाणा पगारपत्रक कोणी लिहिला नसेल.

आता दुसऱ्या, अधिक अवघड शंकेकडे वळतो. त्यासाठी आपणांस कराचीला घेऊन जाणे भाग आहे.

कराचीच्या वायव्येस ओरंगी नावाची अफाट वस्ती आहे. १९६५ नंतर ती वाढू लागली आणि १९७१ च्या युद्धानंतर पूर्वेकडून आलेल्या निर्वासितांमुळे झपाट्याने पसरली. घरे लोकांनी स्वतः बांधली होती. मात्र मैला वाहून नेणारी यंत्रणा नव्हती. टोपलीचे संडास, शोषखड्डे आणि गल्लीतून वाहणारे सांडपाणी हे नित्याचे दृश्य होते. तेथे १९८० साली अख्तर हमीद खान यांनी ओरंगी पथदर्शी प्रकल्प सुरू केला. हे गृहस्थ मूळचे आग्र्याचे. ब्रिटिश अमदानीतील आयसीएसची नोकरी त्यांनी १९४० च्या दशकात सोडली होती आणि पुढे कुमिल्ला येथे ग्रामविकासाचे मोठे काम उभे केले होते. ओरंगीत आले तेव्हा ते साठी ओलांडलेले होते.

त्यांनी आधी फक्त विचारपूस केली. गटार हवे, हे सारेच सांगत. पण ते सरकारने फुकट करून द्यावे, अशीच सर्वांची अपेक्षा होती. अर्जविनंत्या करण्यात वर्षे गेली होती. सरकारी दराने होणारा खर्च लोकांच्या आवाक्याबाहेरचा होता. या परिस्थितीचा विचार करून खानसाहेबांनी चार अडसर सांगितले : मनाचा, पैशाचा, तंत्राचा आणि संघटनेचा. हे सरकारचे काम आहे, आपले नव्हे, हा मनाचा अडसर. खर्च झेपत नाही, हा पैशाचा. उतार कसा काढावा, मॅनहोल कसे बांधावे हे ठाऊक नाही, हा तंत्राचा. आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांनी एकत्र येऊन पैसे गोळा करून काम पार पाडण्याची सवय नाही, हा संघटनेचा.

उपाय त्यांनी गल्लीपासून सुरू केला. वीस ते चाळीस घरांची एक गल्ली हा कामाचा घटक. संपूर्ण वस्तीची समिती केली असती तर पुढाऱ्यांची भांडणे शिरली असती, पण गल्लीत मात्र सारे एकमेकांना ओळखत. संस्थेचे कार्यकर्ते गल्लीत बैठक घेत. गल्लीने एकमताने आपला प्रमुख निवडून अर्ज केला, तरच तंत्रज्ञ येऊन मोजमाप करीत, उतार काढीत, नकाशा व अंदाजपत्रक देत. पैसे गल्लीचा प्रमुख गोळा करी आणि तोच खर्च करी; संस्था त्या पैशाला हात लावीत नसे. संस्था साचे व हत्यारे वापरायला देई आणि देखरेख ठेवी. ठेकेदाराचा नफा गेला, मधली टक्केवारी गेली, नकाशे सुटसुटीत झाले. १९८० च्या दशकात शौचालय आणि गल्लीतील गटार मिळून घरटी साधारण एक हजार रुपये खर्च आला, आणि तो घरमालकांनी स्वतः केला. आरंभी काही कामे कच्ची निघाली, काँक्रीट नीट मुरविले गेले नाही. तेव्हा संस्थेने तंत्रावर पुन्हा अभ्यास केला, पद्धत बदलली. कालांतराने सहा हजारांहून अधिक गल्ल्यांत आणि नव्वद हजारांवर घरांत हे काम पोहोचले.

या यशोगाथेतील एक भाग बहुधा गाळला जातो. खानसाहेबांनी सर्व काही लोकांनीच करावे असे कधी म्हटले नाही. घरातील शौचालय, गल्लीतील गटार आणि गल्ल्या जोडणारी दुय्यम वाहिनी हे ‘अंतर्गत’ काम लोकांचे; मुख्य वाहिन्या, मोठे नाले आणि शुद्धीकरण केंद्रे हे ‘बाह्य’ काम सरकारचे, अशी त्यांची स्पष्ट वाटणी होती. गल्लीचे पाणी शेवटी नाल्यात जाणार, आणि नाला बांधणे गल्लीच्या कुवतीत नाही. लोकसहभागाच्या नावाखाली शासनाने आपली जबाबदारी गरिबांच्या खांद्यावर टाकावी आणि आपण श्रमदानाची छायाचित्रे काढावीत, हा प्रकार आमच्याकडेही नवा नाही. त्यास आम्ही लोकसहभाग म्हणत नाही. ती बिनपगारी मजुरी होय.

खानसाहेब १९९९ साली निवर्तले. त्यांच्या सहकारी, वास्तुविशारद परवीन रहमान यांनी काम पुढे नेले. त्यांनी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी कराचीतील वस्त्यांचे, नाल्यांचे, पाण्याच्या वाटांचे नकाशे तयार केले. नकाशा काढणे हे निरुपद्रवी काम वाटते. परंतु पाणी कोण पळविते आणि जमीन कोणाच्या घशात जाते, हेही नकाशात दिसू लागते. १३ मार्च २०१३ रोजी परवीन रहमान यांची कराचीत गोळ्या झाडून हत्या झाली. पाणी व स्वच्छता हा विषय नीरस आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी आम्ही हे मुद्दाम सांगत आहोत.

आता आपल्या मातीतील उदाहरण. आपण ज्यास हापसा म्हणतो त्या विंधन विहिरीवरील हातपंपाचे मूळ महाराष्ट्रात आहे, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. १९७० च्या दशकाच्या आरंभी दुष्काळात गावोगाव विंधन विहिरी खोदल्या गेल्या आणि त्यांवर ओतीव लोखंडाचे पंप बसविण्यात आले. ते पंप मुळात एका कुटुंबाच्या वापरासाठी घडविलेले. संपूर्ण गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत हापसू लागल्यावर ते टिकणार कसे? दशकाच्या मध्यापर्यंत त्यांतील बहुसंख्य पंप बंद पडलेले आढळले. दरम्यान सोलापूर येथील मिशनच्या कार्यशाळेत पोलादी, दणकट पंप तयार झाला होता. ‘सोलापूर पंप’ या नावाने तो ओळखला गेला. युनिसेफ, भारत सरकार आणि रिचर्डसन अँड क्रूडास ही कंपनी यांनी १९७६-७७ च्या सुमारास त्याच्या आधारे ‘इंडिया मार्क टू’ हा पंप सिद्ध केला, कोईमतूर परिसरात त्याच्या कठोर चाचण्या झाल्या, आणि पुढे भारतात व आफ्रिकेत तो लाखोंच्या संख्येने बसविला गेला.

पंप मजबूत झाला; तथापि वॉशर झिजायचा तो झिजतोच. तो बदलण्यासाठी जमिनीखालील सगळे पाइप उपसावे लागत, तिकाटणे आणि गाडी घेऊन तालुक्याहून पथक यावे लागे, आणि तोवर बायका पुन्हा ओढ्यावर जात. म्हणून पुढे ‘मार्क थ्री’ हा सुधारित नमुना आला. त्यात पाइप न काढता वरूनच दट्ट्या बाहेर घेता येतो, म्हणजे दुरुस्ती गावातच होऊ शकते. यंत्राची रचनाच ‘दुरुस्त कोण करणार’ या प्रश्नातून बदलली, हे येथे लक्षात घ्यावे. उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमातून १९९० च्या दशकात ग्रामीण स्त्रियांना, त्यांतही बहुतांश दलित स्त्रियांना, हातपंप दुरुस्तीचे शिक्षण मिळाले. पाना हाती घेतलेली बाई पाहून गावे आधी हसली. परंतु ज्यांच्या डोक्यावर हंडा असतो त्यांना पंप बंद राहिल्याची घाई सर्वांत जास्त असते, हे उघड आहे.

याच्या उलट बाजूही आहे. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकी देशांतील हातपंपांपैकी सुमारे एक-तृतीयांश कोणत्याही वेळी बंद असतात, असा अंदाज २००९ च्या सुमारास मांडला गेला. तेथे समित्या नव्हत्या असे नाही. समित्या होत्या, अध्यक्ष होते, वर्गणीची वही होती. मात्र पंचवीस-पन्नास कोसांत सुटा भाग मिळत नव्हता आणि तो आणण्यास कोणी येत नव्हते. समिती स्थापन करून, फीत कापून निघून जाणाऱ्या देणगीदारांनी हा धडा अवश्य वाचावा.

शौचालयांच्या बाबतीत लोकसहभागाची सर्वांत गाजलेली पद्धत बांगलादेशातून आली. १९९९-२००० च्या सुमारास राजशाही जिल्ह्यातील मोसमोईल या गावी कमल कार हे सल्लागार एका अनुदानित शौचालय कार्यक्रमाच्या मूल्यमापनासाठी गेले होते. अनुदान देण्याऐवजी त्यांनी गावकऱ्यांना एकत्र घेऊन गावाभोवती फेरी मारली, जमिनीवर रांगोळीसारखी पूड टाकून गावाचा नकाशा काढविला आणि कोण कोठे बसतो ते त्यावर दाखवावयास सांगितले. आपण एकमेकांची घाण खात आहोत, हा निष्कर्ष गावाने स्वतः काढला. आणि गावाने स्वतःच खड्डे खणले. ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली. भारतात महाराष्ट्र हे तिचा प्रयोग करणाऱ्या आरंभीच्या राज्यांपैकी होते. आपल्याकडे त्यास अनुकूल भूमी होती. १९९० च्या दशकात अनुदानातून बांधलेल्या कित्येक शौचालयांत सरपण आणि गवऱ्या भरून ठेवलेल्या सर्वांनी पाहिल्या होत्या, आणि २०००-०१ पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने गावागावांत चुरस निर्माण केली होती. हातात खराटा घेऊन आधी गाव झाडणाऱ्या आणि मग कीर्तन करणाऱ्या बाबांच्या नावाने शासनाने अभियान काढावे, हे योग्यच होते.

तरीही या पद्धतीविषयी आमच्या मनात एक अढी आहे, ती सांगितली पाहिजे. लाज वाटावयास लावणे हे तिचे मुख्य हत्यार आहे. ते हत्यार कोणावर चालते? ज्याच्या घराला परसू आहे, विहीर आहे, त्याने खड्डा खणला. ज्याच्या झोपडीला स्वतःची वितभर जागा नाही, तो भूमिहीन मजूर आणि त्याची बायको पहाटे शिट्टी वाजविणाऱ्या ‘गुड मॉर्निंग पथका’च्या तावडीत सापडले. ज्या राज्यात १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या राज्यात ‘सारे गाव एकमताने’ हे शब्द जपून वापरावेत. ग्रामसभेत हात वर झाले म्हणजे वाडी-वस्तीवरील माणसाची संमती मिळाली असे होत नाही. म्हणून आमच्या प्रस्तावात घटक गाव नसून वस्ती आहे, आणि प्रत्येक वस्तीतील स्त्रियांची बैठक निराळी घ्यावयाची आहे.

वैद्यकीय संस्थेने आणखी एका अप्रिय गोष्टीस सामोरे जावयास हवे. ओडिशातील पुरी जिल्ह्यात शंभर गावांत झालेल्या एका काटेकोर चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. शौचालय असलेल्या घरांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेले. परंतु बालकांतील अतिसार काही कमी झाला नाही. अनेक घरांत शौचालय होते, पण सारेच त्याचा वापर करीत नव्हते, आणि उरलेली घाण पाण्यात जातच होती. बांधलेल्या शौचालयांची संख्या मोजून आरोग्य मोजले असे समजणाऱ्या कोणत्याही अहवालाने, आमच्या अहवालानेसुद्धा, हे ध्यानात ठेवावे.

आणि लोकांना सारे कळते, असेही आम्ही मानीत नाही. बांगलादेशात नदी-तलावांच्या दूषित पाण्यापासून सुटका व्हावी म्हणून १९७० च्या दशकापासून लाखो नलिका विहिरी खोदल्या गेल्या. लोकांनी त्या मनापासून स्वीकारल्या, स्वखर्चानेही खोदल्या. १९९३ साली त्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे तेथे अधिकृतपणे आढळले. पुढे कोट्यवधी लोक ते पाणी पीत असल्याचे दिसून आले. ते पाणी दिसायला नितळ, चवीला गोड. कोणतीही ग्रामसभा त्यातील विष ओळखू शकली नसती. तेथे प्रयोगशाळाच हवी होती. मात्र तपासणीनंतर विहिरींच्या तोंडाला लाल आणि हिरवा रंग देण्यात आला, तेव्हा कोणाच्या हिरव्या विहिरीवर कोणी पाणी भरावयाचे हे शेजाऱ्याशेजाऱ्यांनी आपापसांत ठरविले, आणि अनेक कुटुंबांनी विहीर बदलली. प्रयोगशाळेचे काम प्रयोगशाळेने आणि आळीचे काम आळीने केले.

या सर्वांच्या आधारे आमचा प्रस्ताव तयार झाला आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने प्रत्येक गावात पाच स्त्रियांना पाणी तपासणीचे शिक्षण द्यावे, अशी तरतूद केली. नळ आणि टाकी ही कामे शासनाची आहेत आणि त्यांचा खर्च संस्थेने उचलू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. संस्थेने चार गोष्टी कराव्यात. उतार काढू शकणारा एक तंत्रज्ञ आणि वस्त्यांत बैठका घेणाऱ्या दोन महिला संघटक तीन वर्षांसाठी नेमावेत. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गावांचे पाणी विनामूल्य तपासावे आणि निष्कर्ष विहिरीजवळ, वाचता येईल अशा अक्षरांत लावावेत. हातपंपाचे वॉशर, साखळी व अन्य सुटे भाग औषधभांडाराशेजारी रास्त दरात उपलब्ध ठेवावेत. आणि गॅस्ट्रोचा रुग्ण दाखल झाला की त्याच दिवशी त्याच्या गावच्या जलसुरक्षकास निरोप जावा व टीसीएल पावडरची मात्रा तपासली जावी. यांतील शेवटच्या कामास पैसा जवळजवळ लागत नाही. टेलिफोन आणि नोंदवही पुरते.

पहिल्या वर्षी बांधकाम होणार नाही. त्यामुळे दात्यांच्या नावाची संगमरवरी पाटी लावण्यास जागाही असणार नाही, ही अडचण आम्ही जाणतो. ज्या देणगीदारांना आपली रक्कम वास्तूसाठीच वापरली जावी असे वाटते, त्यांनी पावतीवर तसे नमूद करावे. ती रक्कम प्रसूती विभागाच्या इमारत निधीत जमा होईल आणि तिचाही तितकाच आदराने विनियोग होईल.

गावांची यादी आम्ही ठरविलेली नाही. ज्या वस्तीतून पुरुष व स्त्रिया दोघांच्याही सह्यांचा अर्ज येईल, तेथे आधी जावे, अशी आमची सूचना आहे. अर्जाचे कोरे नमुने बाह्यरुग्ण विभागाशेजारील खोलीत ठेवले आहेत. आज सभागृहात असलेल्या नातेवाइकांनी परत जाताना ते बरोबर न्यावेत. लिहिता येत नसेल तर आमचे कर्मचारी लिहून देतील, अंगठाही चालेल.